टाकीला गाल लावणारा माणूस

कुवेतमध्ये उन्हाळा कधी संपला आणि थंडी कधी लागली हे सरकार ठरवत नाही, टीव्हीवरचा हवामानवाला ठरवत नाही, आणि देवाला तर इथल्या हवेत लक्ष घालायची हौसच नसावी. ते ठरवायचा माझा खोलीवाला. मी सुतार माणूस, इथल्या राई भागातल्या एका फर्निचरच्या कारखान्यात उभा जन्म रंधा मारला. तो जाब्रियाच्या एका दवाखान्यात पेशंटच्या चाकाच्या खुर्च्या ढकलायचा. गाव त्याचं गुहागरच्या बाजूला, माझं देवरुखच्या. वीसेक वर्षं आम्ही एका खोलीत एकमेकांकडे पाय करून झोपलो. त्यातला निम्मा काळ भांडण्यात गेला आणि निम्मा अबोल्यात. त्याच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही आणि उतरवायची मला घाईही नाही. लोक सांगतात, या वयात माणसानं राग सोडून द्यावा. सोडेन की. आधी त्यानं समोर उभं राहून चुकलो म्हणावं, मग बघू.

ज्यांनी इथला उन्हाळा काढला नाही त्यांना नळाची गोष्ट सांगायला पाहिजे, त्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. आमच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी गच्चीवर, पत्र्याची, उघड्या उन्हात. मे महिना लागला की निळ्या नळाला, म्हणजे सगळ्या जगात ज्याला थंड पाणी येतं त्याला, असं पाणी येतं की तांब्यात अंडं टाकलं तर उकडून निघावं. मग करायचं काय, तर बाथरूममधला गिझर बंद ठेवायचा. बंद गिझरच्या पोटात पाणी सावलीत पडून राहतं, निवतं आणि लाल नळातून बाहेर येतं. म्हणजे उन्हाळाभर लाल नळ थंड आणि निळा नळ गरम. नवा माणूस पहिल्या दिवशी बोंबलत बाथरूमच्या बाहेर येतो, हे ठरलेलं. पुढे नोव्हेंबर-डिसेंबरात कधीतरी हवा फिरते, टाकी निवते, गिझरचं बटण दाबलं की नळ पुन्हा सरळ होतात. बटण बंद तो उन्हाळा, बटण चालू तो हिवाळा. मध्ये चार दिवस धूळ उडते, तिला कुणाला ऋतू म्हणायचं असेल तर त्यानं म्हणावं.

हे बटण त्याच्या मालकीचं होतं. कुणी दिलं त्याला? कुणी नाही. बाथरूम आमच्या खोलीला आणि शेजारच्या श्रीवर्धनच्या चाचाच्या खोलीला मिळून एकच, भाडं तिघांचं सारखं, पण बटणाला हात लावायचा हक्क ह्या एकट्याला. दिवाळी झाली की हा रोज सकाळी ड्यूटीला जायच्या आधी जिना चढून गच्चीवर जायचा आणि टाकीला गाल लावून उभा राहायचा. ताप आलेल्या पोराच्या कपाळाला आई गाल लावते तसा. डोळे मिटून. खाली रस्त्यावर पाकिस्तानी ड्रायव्हर वर बघून हसायचे, ह्याला पत्ता नाही. मग खाली येऊन मोठ्या डॉक्टरच्या आवाजात सांगायचा, "अजून अंगात आहे." म्हणजे गिझर लावायचा नाही. तिथे दवाखान्यात ह्याला कुणी थर्मामीटर हातात धरू देत नव्हतं, त्याची सगळी कसर इथे टाकीवर काढायचा. टाकी सोडली तर त्याच्या बाकीच्या खुणा वेगळ्या. मांजर गाडीखालून निघून बॉनेटवर येऊन बसलं का, अरबांचे पांढरे दिशदाशे, म्हणजे ते पायघोळ झगे, जाऊन राखाडी आले का, कोपऱ्यावरचा खबूसच्या रोट्या भाजणारा इराणी भट्टीपासून लांब बसतो की जवळ. हे सगळं तो मला भाजी चिरताना सांगायचा आणि त्या नादात कांदा इतका जाड चिरायचा की शेळीनंसुद्धा तोंड फिरवलं असतं.

एका नोव्हेंबरात मला पडसं झालं. अंग मोडून आलेलं, नाक गळतंय, पहाटे पाण्याला हात लावला तर काटा आला. मी म्हटलं, जाऊ दे त्याची डॉक्टरकी, आणि दाबलं बटण. तासाभरानं हा बाथरूममधून तोंडाला साबण तसाच घेऊन बाहेर.

"हिवाळा कोणी लावला?"

"मी."

"कोणाला विचारून?"

"तुझ्या आजोबांना विचारून. पाणी थंड आहे, मी भाडं भरतो, मी लावला."

"अरे मेल्या, हवा अजून फिरणार आहे. उष्मा परत येतोय. बंद कर तो!"

मी केला नाही. त्यानंही केला नाही, कारण मीच माझ्या हातानं बंद करावा अशी त्याची हौस. झालं काय, की दोन दिवसांनी खरोखरच ऊन उलटलं, टाकी परत तापली, आणि दोन्ही नळांना एकदमच उकळतं पाणी. चाचा टॉवेल गुंडाळून दारात बसलेला, बादलीत पाणी काढून निवायची वाट बघत. "अरे दोघे कोकणातले रेडे," तो ओरडला, "तुमच्या झुंजीत मी काय म्हणून भाजू?" शेवटी चाचानंच बटण बंद केलं. माझा खोलीवाला नुसता बादलीकडे बघून हसला. ते हसणं मी विसरलेलो नाही. त्याच्या खऱ्या दिवशी, म्हणजे त्यानं ठरवलेल्या दिवशी, बटण दाबून त्यानं नेहमीप्रमाणे शेवयांची खीर केली. ही त्याची रीत होती. हिवाळ्याची खीर. चाचा खजूर घेऊन आला. मी रागानं खीर खाल्ली नाही. दुपारी कोणी नव्हतं तेव्हा खाल्ली.

ह्या माणसाला एकच मुलगी. बायको लवकर गेली, पोरीला आजोळी ठेवून ह्यानं इथून खुर्च्या ढकलून तिला नर्स केलं, आणि ती नर्स होऊन गेली कॅनडात. गावाचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही. तिथे वर्षातले सहा महिने बर्फ असतो एवढं मला पुरे. तिचा मुलगा तीन वर्षांचा झाला तेव्हा तिनं बापाला बोलावलं. सहा महिन्यांच्या आत परतलं नाही तर इथला अकामा, म्हणजे राहायचा परवाना, जातो, म्हणून हा एक हिवाळा काढून येतो म्हणून ऑक्टोबरात गेला. इथे तेव्हा गिझर बंद, नळ उलटे. हा तिथे पोचला, प्रवासाचा शीण घालवायला आंघोळीला गेला आणि सवयीनं थंड पाण्यासाठी लाल नळ सोडला पुरता. पाठ लालबुंद. पोरगी दार ठोठावतेय, बाबा काय झालं, आणि हा आतून ओरडतोय, "गिझर कोणी लावला? अजून ऑक्टोबर आहे!" हे त्यानं स्वतःच मला सांगितलं, आणि वर सांगतो, चूक तिथल्या नळांची.

तो परत आला आणि माझ्या डोक्याची मंडई झाली. येताना एक जाकीट आणलंन, एवढं जाड की खुंटीला टांगलं तर खोलीत तिसरा माणूस उभा आहे असं वाटायचं. मे महिन्यात, बाहेर डांबर वितळतंय, आणि ह्याचं खुंटीवर ते जाकीट. म्हटलं पेटीत घाल. "पेटीत घातलं तर चुरगळेल." मग तिकडच्या गोष्टी. तिकडे नदी गोठते आणि पोरं तिच्यावरून शाळेत जातात. तिकडे रात्री मोटारीला विजेची पिन लावून ठेवतात, नाहीतर सकाळी इंजिन उठत नाही. तिकडे दाराच्या कडीला हात लावला की दार चावतं, झटका बसतो. तिकडे चार वाजता सूर्य घरी जातो. तिकडे दारातलं बर्फ ज्यानं त्यानं फावड्यानं काढायचं, आणि ह्यानं एकदा काढून ते शेजाऱ्याच्या दारात टाकलं तर शेजारी बाहेर येऊन ह्यालाच 'सॉरी' म्हणाला. मग मार्चात ते बर्फ काळं होतं, चिखल होतो, गेल्या साली हरवलेले मोजे वर येतात, आणि आकाशातून बदकं ओरडत परत आली की लोक बाहेर येऊन वर बघतात. मी विचारलं, बदकं खातात का? "नाय रे, नुसते बघतात." भिंतीवर त्यानं दुसरं घड्याळ लावलं, तिकडच्या वेळेचं. ऐन जुलैत, मी कारखान्यातून भाजून निघून आलेलो, शर्ट अंगाला चिकटलेला, आणि हा फोन बघून सांगतो, "आज तिकडे पाऊस. बारा डिग्री." माझ्या हातात तेव्हा पाण्याची बाटली होती. मी ती त्याच्या डोक्यावर ओतली. तर म्हणतो कसा, "असाच. अगदी असाच पाऊस."

त्या जुलैत त्यानं कहर केला. सुलैबियात एका कोल्ड स्टोअरमध्ये त्याच्या गावचा माणूस कामाला होता. कोंबड्यांचे खोके, गोठवलेले, मोठ्या हॉलभर. शुक्रवारी हा मला तिथे घेऊन गेला, म्हणाला थोडं काम आहे. आत गेल्यावर ते जाड दार मागे बंद झालं आणि मला कळलं काम काय ते. हा जाकीट घालून आलेला, पिशवीतून काढून. मी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात.

"हां," म्हणाला, "आता समज हे आमच्या लेकीचं अंगण."

"दार उघड."

"थांब रे जरा. हे खोके म्हणजे तिचं घर. इथून पायऱ्या. ह्या दिव्याखाली बसथांबा, त्याला काचेची खोली असते, आत हीटर. तिथे मी नातवाला घेऊन उभा राहायचो. आणि तिथे पंख्याकडे नदी. चल, दाखवतो."

"मला नदी बघायची नाही. माझे कान गेले!"

"कान जात नाहीत एवढ्यात. तिकडे वीस डिग्री खाली असलं तरी जात नाहीत. नातू तर हसतो. तोंडातून वाफ निघते ना, तिला तो आजोबांचा धूर म्हणतो."

तो कोंबड्यांच्या खोक्यांमधून मला त्या शहरातून फिरवत होता. इथे शाळा, इथे चर्च, इथे एक बाई रोज कुत्र्याला कोट घालून आणते. बोलताना त्याच्या तोंडातून धूर येत होता आणि तोंडावर असा आनंद, की मला त्याची मान धरावीशी वाटली. मी दात आपटत ओरडलो, "एवढं चांगलं होतं तर आलास कशाला परत? मेलास का नाही तिथेच त्या नदीवर?"

तो थांबला. जाकिटाच्या खिशात हात घालून खोक्यांकडे बघत राहिला.

"लेक ड्यूटीवर जायची," म्हणाला, "जावई ड्यूटीवर. पोर झोपलेलं. खिडकीतून बर्फ पडताना दिसतं, आवाज नाही त्याला. काहीच नाही. मी एकदा मोठ्यानं शिवी दिली, नुसती, आवाज यावा म्हणून. तर पोर जागं झालं." मग हसला. "तिकडे भांडायला माणूस नाय रे. सगळे सॉरी म्हणतात."

मी म्हटलं, दार उघड, मला खोकला लागेल. बाहेर आलो तर उन्हानं चष्म्यावर असं धुकं आलं की काही दिसेना. बरं झालं दिसेना.

पण पोरीचे फोन त्या उन्हाळ्यात वाढत गेले. नातू शाळेत जायला लागणार, तिच्या रात्रपाळ्या, आता कायमचाच ये. कागद तिनं केलेले, तिकीट ती पाठवणार. ह्यानं 'हो' म्हणायचं आणि इथला अकामा रद्द करायचा, परतीचं दार बंद. हा निर्णय त्यानं स्वतः करावा की नाही? नाही. हा मला विचारायचा. जेवताना, कपडे वाळत घालताना, मी दाढी करत असताना.

"जाऊ का रे?"

"जा. मला काय?"

"तू काय करशील?"

"झोपेन. तुझं घोरणं नसलं की झोप लागेल मला, वीस वर्षांत पहिल्यांदा."

"मग जाऊ?"

"तुझी पोरगी, तुझा नातू, तुझं बर्फ. मला कशाला मध्ये घेतोस?"

चाचा मला बाजूला घेऊन म्हणाला, "सुतार, एक वेळ बोल ना त्याला, राहा म्हणून. तुझ्या एका शब्दावर बसलाय तो." मी म्हटलं, मी कुणाला राहा म्हणत नाही. माझ्या बापानं कुणाला म्हटलं नाही. आणि तिकडे एक पोर काचेच्या खोलीत आजोबांच्या तोंडचा धूर बघायला उभं असताना मी कोण राहा म्हणणारा? हे मी चाचाला सांगितलं नाही. हे इथे पहिल्यांदा सांगतोय.

मग एक दिवस त्यानं मला न विचारता दवाखान्यात राजीनामा दिला. इतके महिने जाऊ का, जाऊ का करून माझं डोकं खाल्लं, आणि जायचं ठरवताना मला विचारलं नाही. ह्याचा राग धरायचा नाही तर कशाचा धरायचा? आणि निघाला कधी, तर ऑक्टोबर संपता संपता. हवा फिरायच्या ऐन आधी. टाकी तशीच तापलेली, नळ उलटे, हिवाळा ठरवायचा बाकी, आणि हा बॅगा बांधतोय. ऋतू अर्धा टाकून कोणी जातं का? निघायच्या सकाळी त्यानं गिझरच्या बटणावर काळी चिकटपट्टी लावली, फुलीसारखी.

"माझ्या सांगण्याशिवाय लावायचा नाय," म्हणाला.

"तू तिथून काय सांगणार? तुझा गाल तिकडे, टाकी इकडे."

"तू लाव गाल. रोज सकाळी वर जा आणि मला फोनवर सांग कशी आहे ती. ठरवीन मी."

"मी तुझा शिपाई नाही. हात लावून बघेन फार तर."

"हाताचं काम नाही. हाताची तुझी कातडी सुताराची, तिला काय कळतंय? गालच लाव."

जाकीट घालूनच निघाला, घामानं निथळत, कारण बॅगेत मावत नव्हतं. मी विमानतळावर गेलो नाही. कारखान्यात गेलो आणि एका अरबाच्या कपाटाची दारं उलटी बसवून आलो, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्याचाही दोष मी ह्याच्याच नावावर लिहिला आहे.

आता सकाळी उठून मी जिना चढतो. गुडघे कुरकुरतात. टाकीला गाल लावतो. पाकिस्तानी ड्रायव्हर खालून हसतात, त्यांना मी हात करून शिवी देतो. मग त्याचा फोन येतो. इथे सकाळ तेव्हा तिथे आदल्या दिवसाची रात्र, नातू झोपलेला, लेक ड्यूटीवर. पहिला प्रश्न तोच.

"कशी आहे?"

आणि मग आम्ही तासभर भांडतो. मी गाल नीट लावला की नाही यावरून, कुठल्या बाजूनं लावला यावरून, सकाळचं ऊन लागलेली बाजू धरायची की सावलीची यावरून. तो तिकडे दबक्या आवाजात ओरडतो, पोर उठू नये म्हणून. मला दबक्या आवाजाची गरज नाही. चाचा भिंतीवर मूठ मारतो.

आज जानेवारी लागला आहे. मांजर बॉनेटवरून हलत नाही. राखाडी दिशदाशे येऊन जुने झाले, इराणी भट्टीच्या तोंडाशी बसतो. टाकीला गाल लावला की दाताच्या मुळापर्यंत कळ जाते, आणि दोन्ही नळांना असं पाणी येतं की पहिला तांब्या घेताना माझ्या तोंडून आपोआप त्या माणसाच्या सात पिढ्या निघतात. चाचा किटलीत पाणी तापवतो आणि मला विचारतो, "तुझा दोस्त कधी सांगणार आहे? आपण मेल्यावर?" पट्टी काढायला तो दोनदा गेला. दोनदा मी दारात आडवा झालो. बटण त्याचं आहे, हुकूम त्याचा यायचा आहे.

आज सकाळी त्यानं व्हिडिओवर फोन केला. मी कानटोपी काढायला विसरलो होतो. अंगावर शाल, नाकाचा शेंडा लाल, बोलताना तोंडातून धूर. त्याच्या मागे खिडकीत पांढरं पडत होतं, आवाज नव्हता त्याला. त्याच्या हाताशी, टेबलावर, दुसरं घड्याळ दिसलं मला. आपल्या इथल्या वेळेचं.

"कशी आहे टाकी?" त्यानं विचारलं.

"अजून अंगात आहे," मी म्हटलं.

"यंदा उष्मा लांबला म्हणायचा."

"लांबला."

त्यानं माझ्या कानटोपीकडे बघितलं, धुराकडे बघितलं, आणि मोठ्या डॉक्टरच्या आवाजात म्हणाला, "मग घाई करू नको. उद्या परत बघून सांग."